निसर्गातून चित्र नको, नियम उचला

प्रश्न थोडक्यात असा: "पायथन शिकून झालं, लूप-फंक्शन-क्लास सगळं जमतं. पण स्वतःचं काही लिहायला बसलं की सुचत नाही. निसर्गातल्या आकृतिबंधांकडे बघ, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय बघायचं? फ्रॅक्टलची रंगीत चित्रं काढून झाल्यावर पुढे काय? आणि नोकरीतल्या कामाला याचा काही उपयोग आहे का?"

मी आधी सिम्युलेशनमध्ये आणि नंतर बराच काळ सर्व्हरच्या बाजूला काम केलं आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. निसर्गात आपल्याला दिसतो तो परिणाम. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कामाचा असतो त्यामागचा नियम, आणि तो बहुतेक वेळा पाच-सहा ओळींत मावतो. पक्ष्याला थव्याचा आकार माहीत नसतो, कातडीतल्या पेशीला ठिपका माहीत नसतो, मुंगीला नकाशा माहीत नसतो. प्रत्येक जण फक्त आपल्या आसपासचं बघतो आणि पुढची हालचाल ठरवतो. तेव्हा काहीही बघताना एकच विचारा: यातल्या एकाला काय दिसतंय, आणि ते पाहून तो काय करतोय? याचं उत्तर लिहिता आलं की प्रोग्राम जवळपास लिहून झाला.

थव्याचंच बघू. हिवाळ्यात ज्वारी दाण्यावर आली की सोलापूर-मराठवाड्याकडच्या शिवारांत भोरड्या उतरतात. संध्याकाळी झाडांवर बसण्याआधी शेकडो-हजारो पक्षी एकदम वळतात, दाटतात, पातळ होतात. बघताना वाटतं, कुणीतरी पुढारी इशारा देत असणार. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८६ मध्ये 'बॉइड्स' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि १९८७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात पुढारी नाही. तीन नियम आहेत: शेजारी फार जवळ आला तर बाजूला सरक, शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेने उड, आणि शेजाऱ्यांच्या घोळक्याच्या मध्याकडे थोडा झुक. पुढे चित्रपटांमधले थवे आणि कळप याच कल्पनेवर बनू लागले आणि १९९८ मध्ये रेनॉल्ड्स यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

हे तिन्ही नियम लिहायला एक संध्याकाळ पुरते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरी मजा त्यापुढे आहे. एकेक नियम बंद करून बघा. पहिला काढला की सगळे एका गोळ्यात कोसळतात. दुसरा काढला की थव्याऐवजी दिव्याभोवतीची चिलटं दिसतात. तिसरा काढला की छोटे छोटे गट आपापल्या वाटेने निघून जातात. कुठला नियम कशासाठी आहे हे असं मोडून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

मग वेगाचा प्रश्न येतो. हजार पक्ष्यांपैकी प्रत्येकाने बाकी सगळ्यांकडे बघायचं म्हटलं तर एका फ्रेममध्ये जवळपास दहा लाख तपासण्या झाल्या. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा कोटी. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. इथे आठवायचं की खरा पक्षीसुद्धा सगळ्यांकडे बघत नाही. जागेचे चौकोन पाडा, चौकोनाची बाजू नजरेच्या टप्प्याएवढी ठेवा, आणि पक्ष्याने फक्त स्वतःच्या व भोवतालच्या आठ चौकोनांत बघायचं. काम एकदम आटोक्यात येतं. हीच युक्ती गेममधल्या टकरी शोधायला वापरतात, आणि नकाशावर जवळचं दुकान शोधतानाही तिचीच भावंडं कामाला येतात.

पण 'शेजारी' म्हणजे नक्की कोण? रेनॉल्ड्स यांच्या प्रोग्राममध्ये ठरावीक अंतराच्या आत असलेला तो शेजारी. रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने, ज्यात पुढे २०२१ चं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसीही होते, एका जुन्या वाड्याच्या गच्चीवरून भोरड्यांच्या युरोपी चुलतभावंडांचे, स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांचे, एकाच क्षणी वेगवेगळ्या ठिकाणांहून फोटो काढले आणि प्रत्येक पक्ष्याची त्रिमितीतली जागा काढली. २००८ मध्ये निष्कर्ष आला: पक्षी अंतर मोजत नाही. तो जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी जुळवून घेतो, मग ते हातभर लांब असोत की त्याच्या कितीतरी पट. याचा फायदा ससाणा झडप घालतो तेव्हा होतो. थवा ताणला गेला, पक्षी एकमेकांपासून लांब गेले, तरी प्रत्येकाचे सहा-सात शेजारी शाबूत राहतात आणि थवा तुटत नाही. अंतरावर चालणारा प्रोग्राम अशा वेळी फुटतो. दोन्ही लिहा, मधे एक ससाणा सोडा आणि स्वतः बघा.

नियमातला एवढासा बदल डेटा स्ट्रक्चरपर्यंत पोचतो हे लक्षात घ्या. 'जवळचे सात' शोधायला चौकोनांची जाळी अडखळते, कारण एका चौकोनात चाळीस पक्षी असतात आणि दुसऱ्यात एकही नसतो. तिथे केडी-ट्री (जागेचे पुन्हा पुन्हा दोन भाग पाडत जाणारी रचना) बरं पडतं, पायथनच्या सायपाय लायब्ररीत ते तयार मिळतं. फक्त मागताना आठ मागायचे, कारण पहिला 'शेजारी' म्हणून पक्षी स्वतःच परत येतो.

अजून एक, थव्यापुरतंच नसलेलं. पक्ष्यांच्या नव्या जागा वेगळ्या अ‍ॅरेमध्ये लिहा आणि फ्रेम संपल्यावर अदलाबदल करा. एकाच अ‍ॅरेत लिहीत गेलात तर अर्धे पक्षी जुनं जग बघून उडतात आणि अर्धे नवं. थवा विनाकारण एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो आणि चूक सूत्रांत शोधत बसावं लागतं.

फ्रॅक्टलबद्दल, म्हणजे लहान भागात पूर्णाचीच नक्कल दिसणाऱ्या आकृत्यांबद्दल विचारलंत, तर त्यावर फार वेळ घालवू नका. गणितज्ञ मायकेल बार्न्सली यांचं नेचं चार सूत्रांत निघतं, एकदा जरूर काढा. पण ते नेच्यासारखं दिसतं, नेच्यासारखं वाढत नाही. वाढ हवी असेल तर अरिस्टिड लिंडेनमायर यांच्याकडे जा. या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये शेवाळाच्या तंतूची वाढ अक्षरांच्या अदलाबदलीने मांडली: दर पिढीत 'अ' च्या जागी 'अब' लिहायचं, 'ब' च्या जागी 'अ'. अ, अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ. लांबी मोजा: १, २, ३, ५, ८. ही फिबोनाची मालिका. आपल्याकडे जैन पंडित हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, मात्रावृत्तांच्या हिशेबात तीच मांडली होती. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. पुढची मालिका प्रोग्रामकडून काढून घ्या, रिकर्शनचा सराव होईल.

हेच आकडे सूर्यफुलात भेटतात. बियांच्या डाव्या-उजव्या सर्पिल ओळी मोजल्या तर बहुधा ३४ आणि ५५, किंवा ५५ आणि ८९ अशा जोड्या निघतात. हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये दिलेलं सूत्र दोन ओळींचं आहे: बीचा कोन म्हणजे तिचा क्रमांक गुणिले १३७.५ अंश, आणि मध्यापासूनचं अंतर म्हणजे क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले एक स्थिरांक. वर्गमूळ का? वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, आणि प्रत्येक बीला सारखी जागा मिळायला हवी. कोन ९० केला तर चार सरळ रेषा मिळतात, १२० ला तीन. १३७.५ ला थाळी गच्च भरते, आणि तोच १३७.३ किंवा १३७.६ केला की भेगा पडतात. एका दशांशाने एवढा फरक पडतो हे स्लायडर सरकवून बघितल्याशिवाय पटत नाही.

मात्र इथे थांबलात तर तुम्ही चित्रच उचललं, नियम नाही. रोपाला १३७.५ कुठे माहीत असतं? स्टेफान दुआदी आणि इव्ह कूदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये चुंबकीय द्रवाचे थेंब सिलिकॉन तेलाच्या थाळीत मधोमध पाडले. थेंब एकमेकांना ढकलत आणि बाहेर ओढले जात. थेंब सावकाश पडले तेव्हा प्रत्येक नवा थेंब फक्त आधीच्या थेंबाला टाळून समोर, १८० अंशांवर गेला. थेंब पडण्याचा वेग वाढवला तसे जुने थेंबही आड येऊ लागले आणि कोन आपोआप १३७.५ कडे सरकला. म्हणजे नियम एवढाच: नव्याने सर्वांत मोकळ्या जागेत बसावं. तुमच्या प्रोग्राममध्ये १३७.५ हा आकडा कुठेही न लिहिता तो उत्तरात मिळवून दाखवा. फोगेलच्या दोन ओळींपेक्षा हा प्रकल्प कितीतरी पटीने चांगला आहे.

आता माझं आवडतं उदाहरण. १९५२ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे कसे उमटत असावेत यावर शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना बुद्धीला उलटी वाटते. शाईचा थेंब पाण्यात पसरतो तेव्हा सगळं एकसारखं होतं, पसरणं म्हणजे फरक मिटणं. ट्युरिंगनी दाखवलं की दोन रसायनं एकमेकांवर काम करत असतील आणि त्यांचा पसरण्याचा वेग वेगळा असेल, तर पसरण्यामुळेच फरक तयार होऊ शकतो. एक रसायन स्वतःला वाढवतं पण हळू पसरतं, दुसरं त्याला दाबतं आणि भराभर पसरतं. मग जिथे पहिल्याने जम बसवला तिथे ठिपका होतो आणि त्याच्या भोवती मोकळी जागा राहते.

लिहायला सोपं म्हणून ग्रे-स्कॉट नावाची पद्धत घ्या. ग्रिडच्या प्रत्येक घरात अ आणि ब असे दोन आकडे, म्हणजे दोन रसायनांची मात्रा. 'भरणा' म्हणजे बाहेरून अ येण्याचा वेग, 'निचरा' म्हणजे ब काढून टाकण्याचा. दर पावलाला:

नवा अ = अ + अ चं पसरणं − अ × ब × ब + भरणा × (१ − अ)
नवा ब = ब + ब चं पसरणं + अ × ब × ब − (भरणा + निचरा) × ब

पसरणं काढायला बाजूच्या चार घरांना ०.२, कोपऱ्यांतल्या चार घरांना ०.०५ आणि मधल्या घराला −१ असं वजन देऊन बेरीज करा. तिला अ साठी १ ने आणि ब साठी ०.५ ने गुणा. सुरुवातीला सगळीकडे अ १ आणि ब ०, फक्त मधल्या छोट्या चौकोनात ब १. भरणा ०.०५४५ आणि निचरा ०.०६२ ठेवलात तर प्रवाळासारखी वळणावळणाची नक्षी वाढत जाते. भरणा ०.०३६७ आणि निचरा ०.०६४९ केलात तर पेशींसारखे विभागत जाणारे ठिपके मिळतात. कोड तोच, आकडे दोन. पहिली काही शे पावलं काहीच घडत नाही असं वाटेल. हजारो पावलं चालू द्या.

नुसत्या चौकोनावर चालवून सोडू नका, ग्रिडचा आकार बदला. गणिती जीवशास्त्रज्ञ जेम्स मरे यांनी दाखवलं की अशा प्रक्रियेत जागा अरुंद होत गेली की ठिपक्यांना शेजारी शेजारी बसायला वाव राहत नाही आणि त्यांचे पट्टे होतात. म्हणून ठिपकेवाल्या प्राण्याच्या शेपटीवर पट्टे असू शकतात, पण पट्टेवाल्याच्या शेपटीवर ठिपके अपेक्षित नाहीत. बिबट्याचा फोटो काढून शेपटी बघा: बुडाशी ठिपके, टोकाकडे वलयं. तुमचं ग्रिड एका बाजूला निमुळतं करत ठिपक्याच्या रुंदीएवढं आणा आणि तेच घडतं का तपासा. आता तुमच्याकडे निसर्गाला विचारता येईल असा प्रश्न आहे. १९९५ मध्ये शिगेरू कोंदो आणि रिहितो असाई यांनी एका पट्टेवाल्या एंजलफिश माशावर असंच तपासलं होतं. मासा वाढतो तसे पट्टे रुंद होत नाहीत, मधे नवे पट्टे घुसतात आणि पट्ट्यांमधलं अंतर तेवढंच राहतं, गणिताने सांगितलं होतं तसंच.

नोकरीचं विचारलंत. बिबट्याची शेपटी कुठल्याही कंपनीच्या कामात येणार नाही. पण केंद्र नसलेली, स्थानिक माहितीवर चालणारी व्यवस्था कशी वागते याची जाण सर्व्हरच्या कामात रोज लागते.

मे अखेरीस-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे बघायला गर्दी होते. मलेशिया आणि थायलंडमधल्या नदीकाठच्या काही जाती तर झाडभर एकाच ठेक्यात लुकलुकतात. तिथेही तालाला धरायला कुणी नसतं. प्रत्येक काजवा आपल्या घड्याळावर चालतो, दुसऱ्याची चमक दिसली की घड्याळ किंचित पुढे ढकलतो. रेनातो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० मध्ये सिद्ध केलं की प्रत्येकाला इतर सगळे दिसत असतील तर एवढ्याशा ढकलण्याने जवळपास कुठूनही सुरुवात केली तरी सगळे एका तालात येतात. वायरलेस सेन्सरची घड्याळं जुळवायला ही कल्पना वापरून बघितली गेली आहे.

सर्व्हरवाल्याला मात्र हीच गोष्ट उलट्या बाजूने भेटते. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की नेटवर्कमधले राउटर ठरावीक वेळाने संदेश पाठवतात, ते सुरुवातीला विखुरलेले असले तरी हळूहळू आपोआप एकाच वेळी पाठवायला लागतात. कारण काजव्यांसारखंच: एकाचा संदेश हाताळताना दुसऱ्याचं घड्याळ थोडं सरकतं. मी काम केलेल्या एका ठिकाणी दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरचा आलेख सुईसारखा वर जायचा आणि मधे शांतता. सगळी उपकरणं बरोबर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत होती आणि एकदा नेटवर्क गेल्यावर सगळी एकत्र जोडली गेली होती. उपाय एका ओळीचा: ३० च्या जागी १५ ते ४५ मधली कुठलीही यादृच्छिक संख्या. काजव्यांचं गणित डोक्यात असलेला माणूस तो आलेख बघून क्षमता वाढवायला जास्तीचे सर्व्हर मागत नाही.

मुंग्यांकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बेल्जियममध्ये जाँ-लुई दनबूर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब पूल ठेवला. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परततात, तिथला गंध लवकर दाट होतो, बाकीच्या तिकडे वळतात. यावरून मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या प्रबंधात सगळी गावं फिरून परत येण्याचा आखूड मार्ग शोधणारी पद्धत मांडली. पण त्याच प्रयोगांत हेही दिसलं होतं की लांब वाट आधी रुळली आणि आखूड पूल नंतर लावला, तर मुंग्या लांब वाटेलाच चिकटून राहतात, कारण गंध पुरेसा लवकर उडत नाही. प्रोग्राममध्ये गंध मुद्दाम भराभर उडवतात. निसर्गाची नक्कल कुठे सोडायची हे कळणं हाही कामाचाच भाग.

दुसरी गोष्ट: २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन आणि बालाजी प्रभाकर यांनी मांडलं की वाळवंटात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या किती जणींना बाहेर पाठवायचं हे दाणा घेऊन परतणाऱ्यांच्या वेगावरून ठरवतात, आणि इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नियमावली, टीसीपी, 'मिळालं' अशी पोच किती वेगाने परत येते त्यावरून पुढचा डेटा सोडतं, ते जवळपास एकच आहे. टीसीपी मुंग्यांवरून सुचलेलं नव्हतं. दोघांनी एकच अडचण सोडवली, पलीकडची क्षमता माहीत नसताना किती पाठवायचं ही.

इथे एक सावधगिरी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोकीळ, वटवाघूळ, लांडगा अशा नावांच्या, सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या 'नव्या' पद्धतींचं अमाप पीक आलं आहे आणि इंजिनीअरिंगच्या प्रकल्पांत ती नावं सर्रास दिसतात. केनेथ सॉरेन्सेन यांनी २०१५ मध्ये या सगळ्या प्रकारावर सडेतोड टीका केली: रूपक नवं, आतलं गणित बरेचदा जुनंच. माझी चाचणी सोपी आहे. सूत्रांतून प्राण्यांची नावं पुसा आणि उरलेलं वाचा. मग तेवढ्याच तपासण्यांमध्ये साधा यादृच्छिक शोध आणि साधी टेकडी-चढण (दर पावलाला थोडं चांगलं उत्तर दिसेल तिकडे सरकणं) काय उत्तर देतात ते शेजारी ठेवा. त्यांच्यापेक्षा फरक पडत नसेल तर लांडगा शोभेचा आहे.

सुरुवात कशी करायची? सूर्यफूल आधी, कारण ते एका बैठकीत होतं. मग त्यातला १३७.५ काढून टाकायचा. नंतर थवा, त्यानंतर ट्युरिंग. कोड उघडण्याआधी कागदावर तीनच गोष्टी लिहा: एका घटकाला काय दिसतं, तो काय करतो, आणि सगळे एकाच वेळी बदलतात की एकामागून एक. जे आकडे तुम्ही हाताने ठरवलेत त्यांना स्लायडर लावा. शेवटी असं काहीतरी मोजा जे खऱ्या वस्तूतही मोजता येतं: ओळींची संख्या, ठिपक्यांमधलं अंतर, थवा किती वेळ एकसंध राहिला.

सूर्यफूल आणि थव्याला प्रोसेसिंग किंवा पी५ ही चित्रं काढायची साधनं चालतील, हालचाल लगेच दिसते. ट्युरिंगला पायथनची नंपाय लायब्ररी घ्या आणि ग्रिड २०० × २०० ठेवा. घराघरातून फिरणारं पायथनचं साधं लूप लिहू नका, पूर्ण अ‍ॅरे सरकवून बेरीज करा. आणि मुलाखतीत हा प्रकल्प दाखवायची वेळ आली तर उडणाऱ्या ठिपक्यांवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घालवू नका. हजार पक्ष्यांवर अडकलेला प्रोग्राम दहा हजारांवर कसा नेलात आणि ससाण्याच्या वेळी कुठली शेजारी-पद्धत टिकली, ते आकड्यांसकट सांगा.